पाटकऱ्याचा रेंजफाइंडर

“दोनशे वीस,” वर्ल टोलमन म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्याची मुलगी जनील गवतात पालथी पडली होती. पाठपिशवीवर बंदूक टेकवून ती नळीवरच्या दुर्बिणीतून बघत होती. मधल्या घळीच्या पलीकडे, समोरच्या उतारावर एल्क हरणाचा नर आडवा उभा होता. घोड्याएवढा उंच, मानेला काळपट आयाळ, डोक्यावर दोन्हीकडे सहा-सहा फाट्यांची शिंगं. जनीलच्या मनात याहून मोठा आकडा घोळत होता. पण टोलमनांच्या घरात बापाने अंतर सांगितलं की आपला आकडा गिळून टाकायची पद्धत होती. त्यात वर्लने पुस्तीही जोडली, “सरळ खांद्यावर धर. वर धरायची गरज नाही.”

तिने सरळ खांद्यावर धरलं आणि चाप ओढला.

नर गुडघ्यांवर आला, उठला, आणि पुढचा एक पाय लोंबकळत ठेवून तिरका पळत फर वृक्षांच्या झाडीत शिरला. गोळी खांद्याच्या खाली, पार पायात बसली होती.

दोघांनी अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन शोधलं. रक्ताचा माग ओढ्यापर्यंत होता, ओढ्यापलीकडे थेंब नव्हता. शेवटी जनील एका आडव्या खोडावर बसली, खिशातून शिकारीचा परवाना काढला आणि चाकूने त्यावरच्या तारखेच्या अन् महिन्याच्या खाचा कापल्या. जनावर हाती लागलं की या खाचा कापायच्या, मग परवाना संपला, असा आमच्या आयडाहोचा कायदा आहे. जनावर हाती लागलं नसताना खाचा कापा, असं कायदा कुठेच म्हणत नाही. ते आमच्या खोऱ्यातली माणसं म्हणतात. गोळी लागली की जनावर तुमचं झालं, मग ते तुमच्या घरी येवो नाहीतर डोंगरात कोल्ह्यांच्या पोटात जावो. आणि हा परवाना काही दुकानात मिळणाऱ्यातला नव्हता. त्या डोंगरातल्या मोठ्या नरांसाठी दरवर्षी सोडत निघते. जनील लग्नाआधीपासून तिच्यात नाव घालत होती, ते दोन पोरं शाळेत जायला लागल्यावर निघालं होतं.

कापलेले कागदाचे कपटे तिने खिशात ठेवले. बापाला एका शब्दाने बोलली नाही. गाडीत बसल्यावर आईने बांधून दिलेल्या सॅण्डविचचे तिने दोन तुकडे केले आणि मोठा त्याला दिला. वर्लला वाटलं, हिने ते तोंडावर फेकून मारलं असतं तर घास गिळायला सोपा गेला असता.

घरी आल्यावर तिने फोनवरच्या नकाशात दोन ठिकाणी बोट टेकवलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. तीनशे साठ यार्ड, आणि तेवढ्या अंतरात गोळी हातभर खाली येते. वर्ल म्हणाला, फोनचं काही खरं नसतं.

ही दुसरी चूक. पहिली एक वेळ माफ होण्यासारखी होती.

वर्ल हा आमच्या कालव्यावरचा पाटकरी. वसंतात डोंगरावरचं बर्फ उतरलं की धरणातून पाणी सुटतं, आणि तिथपासून बटाट्याच्या काढणीपर्यंत ते कुणाच्या शेतात कधी आणि किती जायचं ते कालव्याची कंपनी ठरवते आणि त्याबद्दलच्या शिव्या वर्ल खातो. रोज सकाळी पिकअप काढायची, चाऱ्यांची दारं उघडायची, पाडायची, दारात अडकलेलं गवत नि मेलेली रानमांजरं ओढून काढायची. पाळीवरून दोन शेजारी फावडी घेऊन समोरासमोर उभे राहिले की त्यांच्यामध्ये जाऊन शांतपणे हवामानाचा विषय काढायचा. निम्मी हयात त्याने याच्यात घालवली. अंगाने काटक, पाठीत थोडा वाकलेला, कानांची टोकं उन्हाने कायमची सोललेली. रविवारी टाय लावून चर्चमध्ये मागून दुसऱ्या बाकावर बसतो आणि प्रवचन लांबलं तर डुलकी काढतो. ती डुलकी आहे की प्रार्थना, हे त्याची बायको ला-रे कोपराने ठरवते.

त्याच्या डोळ्याचा आमच्याकडे मोठा लौकिक. तो लहान असताना बाप कालव्याच्या भरावावरून चालता चालता विचारायचा, तो पुढचा खांब किती लांब? पोराने आकडा सांगायचा, मग दोघांनी पावलं टाकत मोजायचं. चुकला तर बापाचं फावडं त्या दिवशी पोराच्या खांद्यावर. फावडी वाहून वाहून डोळा तयार झाला, आणि पुढे गावाने तो सार्वजनिक करून टाकला. कुंपणाला तार किती लागेल, विचारा वर्लला. घोड्याचे नाल फेकायच्या खेळात कुणाचा नाल खुंटाच्या जास्त जवळ पडला, बोलवा वर्लला. खिशात टेप असला तरी वर्लच्या देखत तो बाहेर काढणं म्हणजे कॉफी वर्ज्य असलेल्या आमच्या चर्चमध्ये बिशपच्या देखत ती पिण्यासारखं होतं.

साठी उलटल्यावर तो डोळा गढूळ व्हायला लागला. लांबचे खांब एकमेकांत मिसळायला लागले. आमच्याकडे रस्त्यात समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतात. वर्ल आता वळणाच्या फलकालाही बोटं उचलायला लागला. त्याचा मेहुणा डेव्हॉन तर सांगतो, की वर्लने एकदा त्याच्या शेतातल्या पंपालाच डेव्हॉन समजून पाण्याच्या चोरीबद्दल चांगला दम भरला. वर्लचं म्हणणं, डेव्हॉन पंपाच्या मागे लपला होता. दोघांपैकी कोण खरं बोलतो ते पंपालाच ठाऊक. डोळ्यांच्या डॉक्टरने मात्र स्वच्छ सांगितलं होतं, की मोतीबिंदू धरतोय, अजून काढण्याइतका पिकलेला नाही. हे ला-रेला माहीत होतं. तिच्याखेरीज कुणाला सांगायचं नाही, असं वर्लने तिला बजावलं होतं. हे सगळं त्या ‘दोनशे वीस’च्या आधीचं.

तो हिवाळा गेला, वसंत गेला. जनील रविवारी जेवायला यायची, पोरांना आणायची, भांडी घासायची, हसायचीसुद्धा. फक्त डोंगराचा विषय निघाला की ती काहीतरी आणायला आत जायची. बारा वर्षांची झाली तेव्हापासून दर ऑक्टोबरात ती बापाबरोबर वर जात होती. लग्न झालं, पोरं झाली, तरी तो आठवडा बापलेकीचा, तिथे जावयालाही जागा नव्हती. ऑगस्टमध्ये ला-रे पीच सोलून बरण्यांत भरत होती, तेव्हा तिने बरणीकडेच बघत नवऱ्याला सांगितलं, की या वर्षी जनील ट्रेंटच्या माणसांबरोबर शिकारीला जाते आहे. ट्रेंट म्हणजे जावई.

वर्ल म्हणाला, बरं आहे, त्यांच्याकडे मोठा तंबू आहे. मग बाहेर जाऊन त्याने चारीच्या एका दाराचा नट आवळला. तो आधीच आवळलेला होता.

तिथून रेंजफाइंडरचा विषय सुरू झाला. डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं अंतर आकड्यात दाखवणारी ही मुठीएवढी दुर्बीण आमच्याकडे आता टोपीइतकी सर्रास झाली आहे. एकट्या वर्लकडे ती नव्हती. नव्हती म्हणजे तो वर्षानुवर्षं तिला ‘आंधळ्यांचं खेळणं’ म्हणत आला होता, त्यामुळे आता दुकानात जाऊन ते खेळणं मागायचं कसं हा प्रश्न होता. त्याने तो त्याच्या पद्धतीने सोडवला. शेजारच्या मोठ्या गावात चर्चचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही. तिथल्या फळीवर, वाफल्स करायच्या दोन यंत्रांच्या मध्ये, त्याला एक रेंजफाइंडर सापडला. त्याने तो उचलला, कोटाच्या आत धरूनच पैसे दिले आणि गाडीत येऊन बसला. एखादं वाईट मासिक विकत घेतल्यासारखं त्याला वाटत होतं.

पुढचे काही दिवस त्याने कालव्यावर चैन केली. दोन दारांमधलं अंतर कंपनीच्या नकाशावर पक्कं आहे. ते रेंजफाइंडर बरोबर सांगायचा. कोठाराची भिंत बरोबर सांगायचा. धान्याची टाकी, पूल, उभा ट्रॅक्टर, सगळं बरोबर. स्वच्छ उन्हात आकडेही दिसायचे. वर्लचा जीव एवढा हलका झाला, की त्या आठवड्यात त्याने दोन शेतकऱ्यांना त्यांच्या पाळीपेक्षा थोडं जास्त पाणी सोडलं.

रविवारी जेवण झाल्यावर त्याने तो खिशातून काढून टेबलावर ठेवला, जेलीच्या भांड्याशेजारी. जनीलने वस्तूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि उठून मागच्या अंगणात गेली. तो मागोमाग गेला. तिने बोट केलं ते शेजाऱ्याच्या घोडीकडे. मध्ये दोन कुंपणं, एक गवताची पट्टी, आणि अंगणाच्या कडेला ला-रेची सूर्यफुलं.

वर्लने बटण दाबलं. “एकेचाळीस.”

“एकेचाळीस यार्डांवर घोडी?”

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा एकेचाळीस. जनीलने तो हातात घेतला, उलटासुलटा केला. खाली बारीक अक्षरांत काय लिहिलं आहे ते वाचलं आणि तिच्या तोंडातून हसू फुटलं. असं हसू तिच्या बापाने त्या अंगणात बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं. यंत्र गोल्फचं होतं. गोल्फमध्ये झेंडा जवळ असतो आणि मागे झाडी, म्हणून ते मुद्दाम सगळ्यांत जवळची वस्तू पकडतं. शिकारीत उलटं लागतं: जवळ झुडूप आणि मागे जनावर. वर्ल त्या दुपारी ला-रेच्या सूर्यफुलाचं अंतर अगदी अचूक मोजत होता.

“हे घेऊन डोंगरात गेला असतास तर एल्क सोडून सगळी झुडपं मारून आला असतास,” ती म्हणाली. मग हसू ओसरलं. शनिवारी ट्रूडीच्या दुकानात आपण दोघं जाऊ, असं ती म्हणाली. “नाहीतर तू आईचा शिवणाचा टेप घेऊन वर जाशील.” पण ट्रेंटच्या माणसांबरोबर जायचं ठरलं आहे ते ठरलं आहे, हेही तिने त्याच दमात सांगून टाकलं.

ट्रूडीचं दुकान म्हणजे पुढे बियाणं, मध्ये बूट, मागे बंदुका. काचेच्या कपाटाशी वर्लला पाहिल्यावर ट्रूडीने चर्चमधल्या रीतीने हाक मारून विचारलं, “ब्रदर टोलमन, कुणाला भेट द्यायची आहे?” वर्लचा चेहरा बघून तिने पुढची थट्टा आवरली आणि कपाट उघडलं. काडतुसांच्या फळीपाशी हॅच बंधू उभे होते. हे तेच दोघे, पाळीवरून फावडी उगारणारे. आज मात्र ते एकत्र येऊन एकच खोकं विकत घेत होते आणि त्यांचे चारही कान कपाटाकडे होते.

वर्लला सगळ्यांत लांबचा हवा होता. हजार यार्डांचा नको, तो दोन हजारांचा दाखवा.

“दोन हजार यार्डांवरच्या एल्कला तू काय पत्र लिहिणार आहेस, डॅड?” जनीलने विचारलं.

ट्रूडीने समजावलं, की खोक्यावरचा आकडा चकचकीत पत्र्यासाठी असतो. तपकिरी केसाळ अंगावरून प्रकाश कमी परततो, तिथे त्याचं निम्मं धरा, संध्याकाळी त्याहून कमी. आपल्याला तेवढं पुष्कळ झालं. लागतं ते वेगळंच. एक, मागची वस्तू पकडायची सोय. गवत-झुडूप सोडून त्यापलीकडचं जनावर. दोन, उताराचा हिशोब. घळीतून वर किंवा खाली मारताना नजरेच्या रेषेतलं अंतर धरलं तर गोळी वर जाते, हे यंत्र त्यातून सपाटीवरचं अंतर काढून देतं. आणि तीन, हातात नीट बसला पाहिजे. फार हलका घेतला तर बोटांच्या थरथरीबरोबर तोही थरथरतो. तिने तीन निवडून काचेवर ठेवले. वर्लने एकाची किंमत वाचली आणि तो अंड्यासारखा अलगद परत ठेवला.

“आत दिव्याखाली काय बघता,” ट्रूडी म्हणाली. “मागे चला. उजेड आत्ता शिकारीच्या वेळेसारखाच आहे.”

दुकानामागे मोकळं रान. त्यापलीकडे कॉटनवुडच्या झाडांखाली काळ्या गाई. सूर्य डोंगराआड गेला होता आणि झाडांखालचा काळोख नि गाई एकाच रंगाच्या झाल्या होत्या. हॅच बंधूही मागच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना बाहेर काही काम नव्हतं.

वर्लने पहिला डोळ्याला लावला, गाईवर धरला, बटण दाबलं.

“किती?” जनीलने विचारलं.

“छान आहे. स्पष्ट आहे.”

“किती ते सांग ना.”

वर्लने यंत्र डोळ्यावरून काढलं. “एकशे ऐंशी.”

जनीलने यंत्र त्याच्या हातातून घेतलं, त्याच गाईवर धरलं. मग खाली केलं. “दोनशे बासष्ट.” ती त्याच्याकडे वळली. “डॅड, तू वाचलंस की अंदाज केलास?”

तेवढ्या वेळात सबब शोधता आली असती. बटण नीट दाबलं गेलं नाही, गाय हलली, हात हलला. एकूण एक सबब वर्लच्या जिभेवर येऊन रांगेत उभी होती. मागच्या दारात हॅच बंधू होते, म्हणजे तो जे बोलेल ते उद्या सकाळी चर्चच्या पायरीवर पोचणार होतं. पण समोर जनील होती, आणि ती वाट बघत होती. डोंगरातल्या त्या दिवसानंतर हिला आज दुसऱ्यांदा खोटा आकडा दिला आहे, हे त्याच्या लक्षात आलं. तेसुद्धा यंत्र हातात असताना.

“आकडे दिसले नाहीत,” तो म्हणाला. “काळ्यावर काळे आहेत. मोतीबिंदू धरतोय. दोन वर्षं झाली.”

“म्हणजे त्या दिवशीही?”

“त्या दिवशीही.”

मग थोरला हॅच घसा साफ करून म्हणाला, की म्हणजे मागच्या उन्हाळ्यात आमच्या चारीच्या दाराची उंची ठरवलीत, ती...

“ती पट्टीने मोजली होती,” वर्ल म्हणाला. “तुमचं दार कुणी डोळ्याने मोजतं काय. दोघांनी मिळून मला पुरलं असतं.”

ट्रूडी हसली, मग धाकटा हॅच हसला, आणि थोरल्यालाही हसावं लागलं. जनील हसली नाही. ती त्याच्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी माझं मोजलं असतं. एवढंच होतं रे. मला वर्षभर वाटत होतं, तुला त्या जनावराचं काही वाटलंच नाही.”

वर्लने मान हलवली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तो वर्षभर नट आवळत फिरला होता.

मग तिने दुसरा उचलला, त्याच्या डोळ्याला लावला. याच्यात आकडे लाल, निखाऱ्यासारखे उजळणारे. पण तेही पसरट दिसत होते, एकाचे दोन. तिने डोळ्यापाशी असलेली कडी धरली. “मी फिरवते, तू सांग.” ती फिरवत गेली. तो म्हणाला, अजून. अजून. गेलं, मागे घे. थोडं मागे. थांब.

“आता?”

“दोनशे एकाहत्तर.”

“मघाशी बासष्ट होती.”

“ती मघाची गाय पुढे सरकली. ही तिच्या मागची आहे. हिच्या कानात पिवळा बिल्ला आहे.”

जनीलने स्वतः डोळा लावून पाहिलं. बिल्ला होता. वर्लने यंत्र तिच्याकडून परत घेतलं आणि ते रानभर हिंडवलं. खांब दाबला, पाण्याची टाकी दाबली, पुन्हा गाय दाबली. आकडा यायचा आणि तो मोठ्याने वाचायचा. काहीतरी कबूल करायचं होतं नि ते दरवेळी टळलं, तसा त्याचा आवाज सैल होत गेला. ट्रूडी म्हणाली, ब्रदर टोलमन, गाई माझ्या नाहीत, पण संपल्या की सांगा, दुसऱ्या आणते. वर्लने किंमत पुन्हा वाचली नाही.

गाडीत बसताना जनील म्हणाली, “ट्रेंटच्या लोकांना मी कळवते. पण एक अट. तू वाचायचं. वाचून गप्प बसायचं. इथे धर, तिथे धर, काही नाही.”

वर्ल म्हणाला, ठीक आहे. तो हे इतक्या पटकन म्हणाला, की तिला संशय आला.

ऑक्टोबरात ते वर गेले. या वेळचे परवाने साधे, दुकानातले, लहान-मोठा कुठलाही नर चालणारे. पहिल्या सकाळी ते पाठीला पाठ लावून कडाक्याच्या थंडीत बसून राहिले आणि गरम चॉकलेट प्यायले. दिसलं काही नाही, पण वर्ल खुशीत होता. दिसेल त्या खडकाचं अंतर तो वाचून दाखवत होता, शेवटी जनीलला सांगावं लागलं, की खडक कुठे पळून जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर घळीपलीकडे अॅस्पनच्या पिवळ्या पानांत एक नर दिसला. तरुण होता, शिंगं साधी. जनील आडवी पडली. वर्ल तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला. त्याच्या मनात आकडा आपोआप उठला, जन्मभर उठत आला तसा: अडीचशे. अगदी पक्का, शंका नसलेला. त्याने रेंजफाइंडर डोळ्याला लावला. पानांआडून एक आकडा आला, त्याने पुन्हा दाबलं. लाल आकडे जागेवर बसले.

“चारशे दहा,” त्याने वाचलं.

आणि तो गप्प बसला. त्याच्या घशात किमान तीन सूचना होत्या. बाप, पाटकरी आणि गावाचा डोळा, तिघांनाही बोलायचं होतं. त्याने ओठ मिटून घेतले.

जनीलने दुर्बिणीतून पाहिलं, मग बंदूक खाली केली. लांब आहे, असं ती स्वतःशीच म्हणाली. दोघं मागे सरकले, डोंगराच्या धारेच्या आडोशाने वळसा घालून उतरले. वाटेत एक ओढा लागला. मागच्या वर्षीचा तो ओढा हाच का, हे दोघांनीही विचारलं नाही. जनील पलीकडे उडी मारून थांबली आणि तिने बापाला हात दिला.

खालच्या सपाटीवर पोचले तेव्हा नर मान खाली घालून चरत होता. तिने पिशवी पुढे टाकली, बंदूक टेकवली.

“वाच.”

“दोनशे सहा.”

“पुन्हा.”

“दोनशे सहा.”

तिने श्वास सोडला आणि चाप ओढला. नराने चार उड्या घेतल्या, थांबला, आणि बसावं तसा खाली बसला. मग मानही खाली ठेवली. पुन्हा उठला नाही. दोघं तसेच थांबले, पद्धत असते तेवढा वेळ, आणि त्याहून थोडा जास्त.

वर्ल गवतात बसला तो बसलाच. जन्मभर त्याच्या आकड्यावर कुणाचं तरी काहीतरी टेकलेलं असायचं: कुणाची तार, कुणाचा नाल, कुणाची गोळी. आज आकडा त्याचा नव्हता. त्याने तो नुसता वाचला होता. वाचायला काही लागत नाही, हे त्याला या वयात कळलं आणि भारी आवडलं.

“तुला किती वाटलं होतं?” जनीलने विचारलं. “खरं सांग.”

“वरून अडीचशे.”

“आणि इथून?”

“इथून मी अंदाजच केला नाही.”

तिने त्याच्या टोपीचं टोक खाली ओढलं, लहानपणी ओढायची तसं, आणि जनावराकडे गेली. नराला हात लावून ती थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिली. मग चाकू काढून परवान्याच्या खाचा कापल्या.

मांस भरायच्या पिशव्या तिच्या पाठपिशवीत आहेत, काढ, असं तिने सांगितलं. वर्लने पहिला कप्पा उघडला, तो चुकीचा. त्यात ट्रेंटचा रेंजफाइंडर होता. तिने आणला होता. त्याच्या म्यानाची चेन लावलेली, पट्ट्याला गुंडाळलेली दोरी सुटलेलीसुद्धा नव्हती. वरून चारशे दहा वाचलं तेव्हा आणि खालून दोनशे सहा वाचलं तेव्हा, तो तिच्या हाताखाली, बंदुकीच्या खाली, याच कप्प्यात तसाच बंद होता. वर्लने कप्प्याची चेन हळूच परत लावली आणि दुसऱ्या कप्प्यातून पिशव्या काढल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो इतका गप्प होता, की जनीलने एकदा त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

एवढं जनावर दोघांच्या पाठीवरून खाली येणं शक्य नव्हतं, म्हणून डेव्हॉन दुसऱ्या सकाळी त्याची खेचरं घेऊन वर आला. खेचरांची काही पैशांत किंमत होत नाही, आणि नातेवाइकांकडून डेव्हॉन पैसे घेतही नाही. तो काम घेतो. त्याच्या गोठ्याचं कुंपण खेचरांनीच एका बाजूने पाडलं होतं. बर्फ पडायच्या आत वर्लने एक दिवस येऊन ते उभं करून द्यायचं, असं ठरलं. वर्ल हो म्हणाला. त्या दिवशी त्याला कुणीही काहीही विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

बर्फ त्याच आठवड्यात पडलं. पुढच्या रविवारी चर्चच्या बोळात डेव्हॉनने त्याला गाठलं. म्हणाला, काम वसंतात कर, चालेल, पण लाकडाचे खांब आत्ता स्वस्त आहेत, तेव्हा किती लागतील तेवढं सांगून ठेव. वर्लने ते कुंपण हजारदा पाहिलं होतं. इतर कुठल्याही वर्षी त्याने टाय सैल करता करता आकडा सांगितला असता.

“मला काय माहीत,” वर्ल म्हणाला. “येऊन मोजावं लागेल.”

डेव्हॉनने ला-रेला बाजूला घेऊन विचारलं, की याची तब्येत बरी आहे ना.

मोजायला वर्ल अजून गेलेला नाही. आधी रस्ता बंद होता, मग त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता कालव्याला पाणी सुटलं आहे. खेचरं पडलेल्या बाजूने बाहेर निघतात आणि कालव्याच्या भरावावर हिंडतात. डेव्हॉन त्यांना हाकलत परत नेतो, आणि वर्लचं घर आलं की मुद्दाम सावकाश चालतो.